दीड अंबाजोगाई

सर वेळ गावांमध्ये मोजायचे. सेकंद त्यांना मान्य नव्हता. आपण घड्याळाकडे पाहिलं की समोरचा माणूस सावध होतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून कुणी काही विचारलं आणि उत्तराला वेळ लागला, की सर मनातल्या मनात गावाचं नाव घ्यायचे. ‘केज’ म्हणेपर्यंत उत्तर आलं तर ते खरं. ‘धारूर’ म्हणेपर्यंत आलं तर संशय धरायला जागा आहे. आणि अख्खी ‘अंबाजोगाई’ म्हणून झाली तरी उत्तर आलं नाही, तर पुढं माणूस ‘हो’ म्हणो, ‘येतो की’ म्हणो, नाहीतर ‘तुमचंच घर आहे’ म्हणो, त्याचा अर्थ ‘नाही’.

या मापानं त्यांनी माझ्या धाकट्या बहिणीची ठरत आलेली सोयरीक मोडली. पुन्हा जुळवलीही त्यांनीच. दोन्ही वेळा मी शेजारी बसलो होतो.

आम्ही दोघं धारूरच्या एका कॉलेजात शिकवत होतो. ते समाजशास्त्र, मी संख्याशास्त्र. मी स्वभावानं अपराधी माणूस आहे. वर्गातला पंखा बंद पडला तरी आपलंच काहीतरी चुकलं असं मला वाटतं. स्टाफरूममध्ये यावरून माझी थट्टा व्हायची, पण सरांनी मला निवडलं ते याच गुणासाठी. ते म्हणाले, “तुमच्यासारखा माणूस आकडा फुगवत नाही. फुगवला तर रात्रभर झोपणार नाही.”

सरांचा विषय होता रोजचं बोलणं. भाषणं नाही, मुलाखती नाहीत. ‘जेवलात का’, ‘कुठं निघालात’, ‘उद्या येता का’ एवढंच. ते म्हणायचे, आपल्या भागात माणूस तोंडावर ‘न्हाई’ म्हणत नाही. ‘बघू’ म्हणतो, ‘करू की’ म्हणतो, ‘त्यात काय एवढं’ म्हणतो. मग नकार ठेवतो कुठं? तर उत्तराच्या अलीकडं, त्या गप्प बसण्यात. तो तिथं शोधायचा. पण शोधायचा कसा, यावर त्यांचं एक वाक्य होतं आणि ते शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना पाठ झालं होतं: “नुसतं मोजणारा बहिरा, नुसतं ऐकणारा भोळा.” एकच बोलणं बारकाईनं ऐकून सिद्धांत मांडणाऱ्यांवर त्यांचा राग होता, आणि कोण काय बोललं हे न बघता तक्ते भरणाऱ्यांवर त्याहून जास्त. दोन्ही कामं एकाच वेळी, एकाच बाकड्यावर बसून व्हायला हवीत. ते ऐकणार, मी मोजणार, आणि आठवड्यानं अदलाबदल.

मोजणी चिंचोक्यांवर चालायची. शर्टाच्या खिशात चिंचोक्यांचा साठा. उत्तर लगेच आलं की एक चिंचोका पॅंटच्या डाव्या खिशात, उशिरा आलं की उजव्या. त्यामुळे सर चालायला लागले की खुळखुळ असा आवाज यायचा. परीक्षेच्या दिवसांत मुलं त्या आवाजाला फार मानायची. सर जिन्यावर असतानाच वर्गात खिडकीबाहेर कागद पडायचे.

आता त्यांची खोड सांगतो. उशिरा आलेलं ‘हो’ म्हणजे ‘नाही’ हे त्यांनी शोधून काढल्यापासून, आपल्या उशिरानं कुणाचं मन दुखू नये म्हणून ते स्वतः प्रत्येक गोष्टीला ताबडतोब ‘हो’ म्हणायचे. प्रश्न संपायचीही वाट बघायचे नाहीत. यामुळे ते एकाच गल्लीतल्या, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन गणेश मंडळांचे उपाध्यक्ष होते. एकाच सकाळी तेलगावला रांगोळी स्पर्धेचे परीक्षक आणि धारूरला किल्ल्याच्या पायथ्याशी धावण्याच्या शर्यतीचे पंच होते. शेजारच्या एकानं “सर, हे करडू दोन दिस...” एवढंच म्हटलं होतं. सर म्हणाले, “हो.” करडाची शेळी झाली. तो शेजारी मुलाकडे पुण्याला राहायला गेला. शेळी सरांच्या ओसरीवरच होती, आणि सरांनी तिच्याशीही प्रयोग करून पाहिला होता. ते म्हणाले, “हिला विचारलं की ही लगेच ओरडते. प्रामाणिक हाय.”

स्टॅंडसमोरच्या चहाच्या हॉटेलात आमचं बाकडं ठरलेलं. सर आणि मी शेजारी शेजारी बसून, समोर कुणी कुणाला काही विचारलं की ओठातल्या ओठात ‘केज, धारूर, अंबाजोगाई’ म्हणायचो. दोघांचं माप जुळतं का, हे पाहायचं असायचं. हॉटेलवाल्यानं महिनाभर सहन केलं. मग एक दिवस टेबल पुसता पुसता म्हणाला, “सर, आंबाजोगाईची गाडी कवाच गेली.”

आम्ही ऐकलं आणि पुढच्या माणसाचं माप घ्यायला लागलो. दुसऱ्या दिवशी त्या भल्या माणसानं आमच्यासाठी गाडी थांबवून धरली. कंडक्टर दारात उभा राहून ओरडला, “ओ सर, येता का न्हाई?”

सर म्हणाले, “हो.”

आम्ही अंबाजोगाईला गेलो. तिथं आमचं काही काम नव्हतं. स्टॅंडवर भजी खाल्ली आणि परत आलो. माझा बारावीचा तास बुडाला. त्याबद्दल मी प्राचार्यांना जाऊन सांगितलं, तर ते म्हणाले तो तास कालच रद्द झाला होता. तरी मला बरेच दिवस बरं वाटलं नाही.

पण पद्धत खोटी नव्हती, हे मला सांगितलं पाहिजे. एकदा किल्ल्यावर श्रमदान होतं. सरांनी वर्गात प्रत्येकाला उभं करून विचारलं, “रविवारी येतोस का?” सगळे ‘येतो सर’ म्हणाले. एकानंही नाही म्हटलं नाही. सर बाहेर येऊन खिसे चाचपत मला म्हणाले, “डावा खिसा येणार. उजवा येणार नाही. तुम्ही नावं लक्षात ठेवली ना?” रविवारी किल्ल्यावर जी मुलं आली, ती जवळपास सगळी डाव्या खिशातली. मी संख्याशास्त्राचा माणूस. इतका स्वच्छ निकाल मी पुस्तकातल्या उदाहरणातही पाहिला नव्हता. त्या दिवशी मी सरांचा झालो.

आणि नेमकं तेव्हाच घरी बहिणीचं पाहत होतो. वडील नव्हते, म्हणजे सगळं माझ्यावर. ती पंचायत समितीत संगणकावर काम करायची. तिला मी एक स्थळ दाखवलं होतं, ते लोक तोंडावर गोड बोलून गेले आणि महिनाभरानं मधल्या माणसाकडून कळलं, त्यांना मुळात करायचंच नव्हतं. मधे तिनं एक साडीही घेऊन ठेवली होती. ती साडी कपाटात दिसली की मी कपाट बंद करायचो. पुन्हा कुणी न आवडून ‘हो’ म्हणू नये, एवढीच माझी इच्छा होती.

दुसरं स्थळ युसूफ वडगावचं आलं. मुलाची भाजीच्या रोपांची रोपवाटिका होती. दोघं फोनवर बोलली होती. बहीण एरवी माझ्यासमोर फोनवर चिडूनच बोलते. या मुलाशी बोलताना ती गच्चीवर जायची, त्यावरून मी काय ते समजलो. आता बैठक तेवढी व्हायची होती. मी सरांना विचारलं, “बैठकीला या...” आणि पुढं ‘-ल का’ म्हणायच्या आत त्यांचा होकार आला.

बैठकीला आम्ही शेजारच्यांची नवी सतरंजी मागून आणली. मुलगा आणि त्याचे वडील आले. वडील उंच, पांढऱ्या टोपीतले, फार अदबीचे. येऊन बसले ते पाठ भिंतीला न टेकता. सर माझ्या बाजूला बसले. ठरलं होतं असं, की बैठकीत खिशात हात घालणं बरं दिसणार नाही, म्हणून उशिरा उत्तर आलं की सर एक चिंचोका मांडीवरच्या रुमालात ठेवतील. मी तिकडं नजर ठेवायची.

मी म्हणालो, “उन्हाचा त्रास झाला नाही ना येताना?”

मुलाच्या वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. मान किंचित वर केली. केज गेलं, धारूर गेलं, अंबाजोगाई गेली. मग म्हणाले, “न्हाई न्हाई.”

एक चिंचोका.

“मुलगी बघितली तुम्ही. नोकरी करते ती पुढंही करेल. चालेल ना?”

अंबाजोगाई. “चालंल की.”

दुसरा चिंचोका.

बहीण चहा घेऊन आली आणि गेली. मी मानपानाचं विचारलं, कपड्यालत्त्याचं विचारलं, लग्न आमच्या दारात करायचं का विचारलं. प्रत्येक वेळी ते गप्प, मग मान वर, मग गोड ‘हो’. सरांच्या रुमालात ढीग व्हायला लागला. मुलाचा बाप तो ढीग बघत होता. एकदा त्यानं मुलाच्या कानात काहीतरी विचारलं आणि मुलानं खांदे उडवले. मला ती कपाटातली साडी दिसत होती.

शेवटी मी विचारलं, “मग पाहुणे, जमलं म्हणायचं का?”

या वेळी दीड अंबाजोगाई झाली. मी स्वतः मोजली. त्यांचे डोळेसुद्धा पाणावल्यासारखे झाले. मग म्हणाले, “व्हय. जमलं.”

सरांनी चिंचोका ठेवला आणि माझ्याकडं बघून मान हलवली.

मी म्हणालो, “आम्ही विचार करून कळवतो.”

मुलीकडच्या माणसानं असं म्हणण्याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. मुलगा खाली बघायला लागला. वडील उठले, सतरंजीची कड त्यांच्या पायानं दुमडली होती ती वाकून सरळ केली, आणि गेले.

बहिणीनं आतून सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली, तिनं रुमालाकडं पाहिलं.

“दादा, माझं लगीन तू चिंचोक्यावर मोडलं?”

मी म्हणालो, “त्यांना मनातून नको होतं. तुला कळत नाही, सरांचा अभ्यास...”

“सर,” ती त्यांच्याकडं वळली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. “मी त्यांना इचारलं, चहात साखर चालंल का. मी ट्रे धरून हुबी, हात भरून आले, तरी ते गप्प. मग म्हणले चालंल. आता ते काय साखरेला मनातून नको म्हणले का? दोन कप पिले.”

सर रुमालाशेजारी वाकून बसले आणि एकेक चिंचोका उचलून बघायला लागले. उलटा करायचे, सुलटा करायचे. मला वाटतं तासभर तरी बसले असतील. मग म्हणाले, “यातला साखरेचा कुठला आणि सोयरिकीचा कुठला, हे मला सांगता येत नाही.”

“मग?”

“मग काय. मी नुसतं मोजलं. मी बहिरा झालो.” आणि चिंचोके रुमालात बांधत, “उद्या युसूफ वडगाव.”

बहीण म्हणाली, “जावा. आन जमवूनच या. न्हाईतर त्या शेळीसंगट मलाबी तुमच्या वसरीला बांधा.”

दुसऱ्या दिवशी माझ्या मोटारसायकलवर आम्ही निघालो. वाटेत प्रत्येक खड्ड्याला मागून खुळखुळ ऐकू येत होती. केज मागं पडल्यावर सर माझ्या कानाशी म्हणाले, “ज्या माणसाला साखरेलाही उशीर लागतो, त्याचा उशीर प्रश्नाचा नाही. दुसऱ्या कशाचा तरी आहे. हे आकड्यावरून कळतं. पण कशाचा, ते आकडा सांगत नाही. ते बघायला लागतं.”

मुलाचे वडील अंगणात बाजेवर बसून तळहातावर तंबाखू मळत होते. आम्हाला बघून दचकले, उठले, चिमूट ओठाखाली सारली आणि हात जोडले. सरांनी नमस्कारही केला नाही. एकदम म्हणाले, “लई ऊन हाय न्हाई?”

वडिलांनी बाजूला पिचकारी टाकली. “लई.” केजसुद्धा पूर्ण झालं नव्हतं.

सर माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांच्याकडं.

“जरा आत बसू का?” सर म्हणाले.

आत गेलो. त्यांनी घाईनं सतरंजी टाकली. बसलो. सरांनी विचारलं, “रोपं कशी हायेत आवंदा?”

मान वर. केज. धारूर. अंबाजोगाई. “बरी हायेत.”

“जरा बाहेर बसू,” सर म्हणाले.

बाहेर गेलो. “पाणी पुरतं का?” पिचकारी. “पुरतं की.” लगेच.

“आत बसू का जरा?”

आत गेलो. बाहेर आलो. पुन्हा आत. मुलगा रोपांना पाणी घालायचं सोडून झारी हातात धरून बघत राहिला होता. चौथ्या वेळी उंबऱ्यात मुलाच्या बापानं कमरेवर हात ठेवला. “सर, आत बसायचं का भाईर, येकदा काय ते ठरवा. मी बेजार झालो.”

पण तोवर मला दिसलं होतं. आत सतरंजीवर बसल्यावर, ती मान वर व्हायची तेव्हा, त्यांच्या गळ्याची घाटी वरून खाली जात होती.

“पाहुणे,” मी म्हणालो, “तुम्ही गिळता?”

त्या मोठ्या माणसाचा चेहरा लहान मुलासारखा झाला. त्यांनी मुलाकडं पाहिलं, मुलगा लांब होता. मग हळू आवाजात म्हणाले, “आता सोयऱ्याच्या नव्या सतरंजीवर कुठं थुकावं साहेब? उठून जावं तर बैठक मोडती. तुमी इचारायचे, मी गिळायचो. गिळल्याबिगर बोलता येत न्हाई. शेवटच्याला तर सगळी गोळीच गेली पोटात. डोळ्याला पाणी आलं.” ते बाजेवर बसले. “घरी येऊन लई उलट्या झाल्या. पण त्याचं काय न्हाई. तुमी म्हणले इचार करून कळवतो, तवा मला वाटलं वास आला आसंल तुमाला. माझ्या तोंडापायी पोराचं गेलं. कालपासनं पोरगं माझ्यासंगं बोलत न्हाई.”

सर त्यांच्यासमोर उभे होते. त्यांनी दोन्ही खिशांत हात घातले होते आणि आवाज मात्र येत नव्हता. ते म्हणाले, “तो उशीर नकाराचा नव्हता. सतरंजीचा होता.”

मला त्या माणसाजवळ बसावंसं वाटलं, म्हणून मी बाजेवर बसलो. आपल्यामुळे घरच्यांचं वाटोळं झालं असं मानणारा दुसरा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता. आम्ही दोघांनी एकमेकांची माफी मागितली. मग परत मागितली. हे असंच चाललं असतं, पण सर म्हणाले, “उठा. इथंच, अंगणात विचारा.”

मी म्हणालो, “पाहुणे, आपली सोय...”

“व्हय,” ते म्हणाले, आणि मग बाजूला वळून थुंकले.

झारीवाला मुलगा तसाच उभा होता. झारीतलं सगळं पाणी त्याच्या पायावर गेलं होतं.

साखरपुड्याला गंमत झाली. मुलाच्या वडिलांनी ताटात साडी, नारळ, सुपारी ठेवली आणि मग कनवटीतून एक पुडी काढून त्यातले मूठभर चिंचोके भक्तिभावानं ताटात मांडले. मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुमच्याकडं ही रीत दिसती. बैठकीत मांडत व्हते ते सर. आमच्याकडून कमी नको पडायला.” मी खरं सांगायला तोंड उघडलं, पण सर शेजारी उभे होते. ते म्हणाले, “हो.” त्यानंतर त्यांच्या भावकीत एकदोन साखरपुड्यांना चिंचोके मांडले गेल्याचं मी ऐकलं आहे. हे कधीतरी कुणाला तरी समजावून सांगावं लागेल असं मला वाटत राहतं.

त्या प्रकरणानंतर सरांनी पद्धत बदलली. चिंचोक्यांबरोबर आम्ही आता माणसाचं तोंडही बघायचो, तो बसलाय कशावर तेही बघायचो. हॉटेलवाल्याला तर पक्कं वाटलं की आमची गाडी कायमची चुकलेली आहे. जुने निकाल सरांनी सगळे रद्द केले, श्रमदानाचासुद्धा. मी म्हणालो, तो तरी ठेवा, तो इतका छान आहे. ते म्हणाले, “तेव्हा कुणाच्या तोंडात काय होतं, तुम्ही बघितलं होतं का?” मी बघितलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर ते शेळी घेऊन तेलगावला राहायला गेले. तिथं कुणीतरी त्यांना राहायला येता का विचारलं असणार.

पण मला त्यांचं शेवटचं म्हणून आठवतं ते बहिणीच्या पाठवणीचं. गाडी दारात उभी होती. ती सगळ्यांच्या पाया पडून सरांपाशी आली. रडून तिचा चेहरा सुजला होता, तरी तिनं विचारलंच, “सर, बरं हुईल ना माझं तिथं?”

“हो,” सर म्हणाले. नेहमीसारखं, तिचं वाक्य पुरतं व्हायच्या आत.

ती रडता रडता हसली. “तुमी तर शेळीलाबी हो म्हणले व्हते.”

सरांनी गाडीकडं पाहिलं. मुलगा गाडीपाशी उभा राहून, कुणाचं लक्ष नाही असं समजून, तिच्या बसायच्या जागेवरची धूळ आपल्या नव्या फेट्याच्या टोकानं पुसत होता. पलीकडं त्याचे वडील आमच्या अंगणातल्या सतरंजीपासून चांगले लांब, रस्त्याच्या कडेला उभे होते. सर दोघांकडं बघत राहिले. सवयीनं मी मनात मोजायला लागलो. केज गेलं. धारूर गेलं. अंबाजोगाई गेली. मी पार लातूरपर्यंत पोचलो. सरांनी जन्मात तंबाखू खाल्लेली नाही.

“हो,” ते म्हणाले.

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून एक चिंचोका काढला. हात आधी डाव्या खिशाकडं गेला, तिथून उजव्याकडं, आणि मधेच थांबला. शेवटी तो चिंचोका त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची मूठ मिटली.